नोटीस कबुतरखान्याला द्या, चिमणीच्या ताटलीला नको



गेल्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सोसायटीत फलकावर नोटीस लागली. आवारात, गच्चीत किंवा बाल्कनीत कोणत्याही पक्ष्यासाठी दाणा-पाणी ठेवल्यास दंड! कारण विचारले तर उत्तर एकच, कबुतरे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सोसायटीच्या माळ्याने आवारातला सगळा पालापाचोळा कोपऱ्यात लोटून पेटवून दिला. त्या पाल्यात शेपूट थरथरवत किडे टिपणारा थिरथिरा उडून कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसला. हा पाहुणा हिमालयापलीकडून आपल्याकडे थंडी काढायला येतो. त्याचे जेवण जाळणाऱ्याला दंड नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चिमण्यांना मूठभर बाजरी टाकली तर त्यांना मात्र सेक्रेटरी बोलावून घेणार.

कबुतरांबाबत आम्हा पक्षीमित्रांचे म्हणणे स्पष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला, ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि जमावाने ती फाडली, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. आम्ही तेव्हाही बंदीच्या बाजूने होतो, आजही आहोत. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांचे आजार होतात, यात वाद नाही. पोती रिकामी करून पुण्य मिळवणाऱ्यांना आम्ही चौकात उभे राहून सुनावले आहे, शिव्याही खाल्ल्या आहेत. पण तीनशे ग्रॅमच्या कबुतराचा राग पंचवीस-तीस ग्रॅमच्या चिमणीवर काढायचा, हा कुठला न्याय? कबुतराला पोते आणि चिमणीला नोटीस!

चिमणी शहरातून का हटली याची कारणे पुष्कळ आहेत, त्यातले एक आपल्याच स्वयंपाकघरातले आहे. पूर्वी घराघरांत धान्य सुपात पाखडले जायचे, अंगणात वाळत पडायचे. कणी, कोंडा, किडका दाणा आपोआप चिमण्यांच्या वाट्याला यायचा. कोणी त्याला पक्षीसेवा म्हणत नव्हते. आता पीठच पिशवीतून येते, अंगणाला पेव्हर ब्लॉक लागले आणि गवताचे पाते दिसले की तणनाशक. २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, त्याची सुरुवात २०१० साली झाली आणि तीही आपल्या नाशिकच्याच पक्षीमित्राच्या पुढाकाराने. त्या दिवशी स्टेटस ठेवणाऱ्यांनो, डिसेंबरात कुठे असता?

‘थंडीत दाणे कशाला, आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो?’ असे विचारणाऱ्यांनी एकदा पहाटे निफाडला जाऊन यावे. थंडीच्या लाटेत तिथला पारा पाच-सहा अंशांवर येतो. एवढ्याशा जिवाला रात्रभर अंग गरम ठेवल्यावर सकाळी पहिला दाणा पटकन मिळावा लागतो. ‘पक्षी ऐतखाऊ होतील’ हा दुसरा आक्षेप. चार दाणे खाऊन चिमणी दिवसभर स्वतःच हिंडते, हे खिडकीत दहा मिनिटे उभे राहिलात तरी दिसेल. यावर जास्त शाई खर्च करत नाही.

खर्चाचे म्हणाल तर बाजारातली चकचकीत पाकिटे आणि प्लॅस्टिकचे फीडर विसरा. बाजरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये आहे. किराणा दुकानात किलोला चाळीस रुपये धरा. रोज दोन मोठे चमचे म्हणजे महिन्याला किलोच्या आत. मार्गशीर्ष ते फाल्गुन, चार महिन्यांचे झाले एकशे साठ रुपये. एका पिझ्झ्याला याहून जास्त जातात. राळा किंवा तांदळाची कणी मिळाली तर मनोलीही येईल.

कबुतरे नकोत ना? मग दीड इंची चौकोनी जाळी आणा आणि तिचा वरून-खालून बंद पिंजरा वळवा. आत ताटली ठेवा, पण जाळीपासून चार बोटे आत, नाहीतर कबूतर मान घालून दाणे ओढते. आमचे पहिले नमुने पाहून हसणारे आता तार कुठे मिळते विचारतात. पिंजरा डोक्याच्या उंचीवर टांगा. सकाळी दाणे घाला, दहा वाजता उरलेले काढून घ्या, म्हणजे उंदरांची तक्रार संपली. ताटली दर दोन-तीन दिवसांनी गरम पाण्याने धुवून उन्हात वाळवा. यात आळस करणाऱ्याने दाणे ठेवूच नयेत. घाणेरड्या ताटलीतून पक्ष्यांमध्ये रोग पसरतो. ब्रिटनमध्ये २००६ पासून अशाच एका साथीत ग्रीनफिंच पक्षी मोठ्या संख्येने मेले.

पाणी मातीच्या उथळ भांड्यात, दोन बोटे खोल, आणि रोज बदललेले. रोज बदलले की डासांची अळी वाढायला वेळच मिळत नाही. डेंग्यूचे कारण पुढे करणाऱ्यांनी आधी आपल्या कूलरची टाकी उघडून पाहावी. बुलबुलासाठी पिकलेल्या पपईची फोड किंवा केळ्याचा तुकडा फांदीला खोचा. शेव, फरसाण, बिस्किटे, मिठाचा भात, बुरशी धरलेले शेंगदाणे यांतले काहीही नको. गोदाकाठी पक्ष्यांपुढे गाठिया उधळून रील काढणाऱ्यांना हे आम्ही हजारदा सांगितले आहे, पुन्हा सांगू.

आणि सगळ्यात स्वस्त काम, ज्याला एक पैसा लागत नाही: पाला जाळू नका. थिरथिरा, धोबी, नाचण, दयाळ यांना तुमची बाजरी उपयोगाची नाही, त्यांना त्या पाल्यातले किडे आणि कोळी हवेत. झाडाच्या बुंध्याशी पाला पसरा, खत फुकट मिळेल. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. फलकावर लावायचीच असेल तर ही नोटीस लावा. मेंदीचे कुंपण आणि जास्वंद फेब्रुवारीपर्यंत छाटू नका. परसातल्या एका कोपऱ्यातले गवत ओंब्या झडेपर्यंत वाढू द्या. ‘गबाळे दिसते’ म्हणणारे शेजारी असतातच. म्हणू देत.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आपल्या नेहमीच्या बागेत पिंजरे वळवायला बसत आहोत. जाळी आम्ही आणतो, जुनी ताटली आणि पक्कड तुम्ही आणा. मुलांना आणाच. ज्यांच्या सोसायटीत अशी सरसकट बंदीची नोटीस लागली आहे त्यांनी तिचा फोटो काढून घेऊन यावे. सोसायटीच्या अध्यक्षांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार आहे. त्यात पहिली मागणी कबुतरांचे खाद्य बंद करण्याची आहे आणि दुसरी पाला जाळणे बंद करण्याची. त्यावर प्रत्येक मजल्यावरून किमान दोन सह्या हव्यात.