अर्ध्या खेळाचे पूर्ण पैसे
कुरखेड्यात मंडईच्या जत्रेच्या रात्री झाडीपट्टी नाटकाचं तिकीट काढलं, की पहाटेपर्यंत शेवटचा अंक बघायला मिळणार, हा भरवसा असतो. व्हिडिओ गेमच्या बाजारात तो विरतोय. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात 2013पासून 'अर्ली ॲक्सेस'मध्ये अपुरे गेम विकले जातात. 'बाल्डर्स गेट 3' 2020मध्ये असाच आला आणि 2023मध्ये पूर्ण झाला. 'द डे बिफोर'चा स्टुडिओ मात्र डिसेंबर 2023मध्ये, गेम आल्यावर चारच दिवसांत बंद पडला. तिथे पैसे परत मिळाले. एरवी स्टीमवर परताव्याची मुदत 14 दिवस, तीही दोन तासांहून कमी खेळलं तर. पोरांनी पै-पै साठवलेली असते. काम अर्ध्यावर सोडणाऱ्याने पैसे परत द्यायलाच हवेत.