बियाण्याची पावती आणि शेतकऱ्याचा हक्क

वर्धा शहरास लागून असलेल्या बोरगाव मेघे येथील शेतकऱ्यास बियाण्याचे दुकान दूर नाही, आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगही दूर नाही. तरीही बियाणे उगवले नाही म्हणजे तो दैवास बोल लावून दुबार पेरणीच्या पैशाच्या मागे लागतो. आपण ग्राहक आहोत, ही गोष्टच त्याच्या ध्यानी येत नाही.

बियाणे कायदा 1966 साली झाला. त्याने उगवणशक्तीची किमान मर्यादा घातली (सोयाबीनला ती शेकडा 70 आहे), पिशवीवर खूणचिठ्ठी लावणे बंधनकारक केले आणि निरीक्षक नेमले. परंतु मूळ कायद्यात पहिल्या अपराधास दंड ठरला तो 500 रुपयांपर्यंत. आणि दंड सरकारजमा होतो, शेतकऱ्याच्या पदरी काही पडत नाही. नुकसानभरपाईची वाट ग्राहक संरक्षण कायद्याने, प्रथम 1986 साली, उघडली. पुढे आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात राष्ट्रीय बीज निगमाने अशी हरकत घेतली की, बियाण्याचा स्वतंत्र कायदा असता ग्राहक मंचाकडे येता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये ती फेटाळली. बियाण्याचा नमुना तपासला गेला नाही, हा आक्षेपही टिकला नाही. कारण शेतकरी आणलेले सारे बियाणे पेरतो, तपासणीसाठी राखून ठेवील ही अपेक्षाच अवास्तव होय.

हा निर्णय मोलाचा आहे. पण त्याचा लाभ पावती असणाऱ्यासच सुलभपणे मिळतो. आपल्याकडे बियाणे बहुधा उधारीवर येते, आणि उधारीच्या मालाची पावती मागण्यास माणूस संकोचतो. हा संकोच निष्कारण आहे. किंमत पूर्ण दिली नसेल, नुसती देण्याचे कबूल केले असेल, तरीही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तो ग्राहकच ठरतो. पावतीवर वाण व गट क्रमांक लिहून घ्यावा. पिशवी खालच्या बाजूने उसवावी, म्हणजे वरची खूणचिठ्ठी शाबूत राहते. पिशवी व मूठभर बियाणे जपून ठेवावे.

अर्थात प्रत्येक वेळी दोष बियाण्याचाच असतो असे नाही. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. दाणा 5 सेंटिमीटरहून खोल गेला किंवा पुरेशा ओलीवाचून पेरला तर उत्तम बियाणेही दगा देते. विक्रेत्याचा बचावही नेमका हाच असतो. म्हणून पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी व तिची नोंद ठेवावी.

उगवण फसल्यास मात्र विलंब नको. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि पाहणी होईपर्यंत शेत मोडू नये. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्क पडत नाही.

खरी अडचण मध्येच आहे. पेरणीची वेळ निघून जात असता शेतकऱ्याने पाहणीसाठी किती दिवस थांबावे? 2020 च्या खरिपात सोयाबीनच्या तक्रारी राज्यभर इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतः बांधावर जाऊन समितीस सत्वर आणवले पाहिजे. पंचनाम्यात पेरणीची तारीख, ओल, खोली व उगवलेल्या रोपांची मोजणी स्पष्ट असावी, आणि त्याची एक प्रत शेतकऱ्याच्या हाती तेथेच पडावी.