जंगलाखालची शेते

‘इथले मूळचे कोण?’ हा प्रश्न आपल्याकडे फार सोपा समजला जातो. गावातल्या सर्वात जुन्या वास्तूकडे बोट दाखवले की उत्तर मिळाले, असे आपण धरून चालतो. जमीन मात्र इतके सोपे उत्तर देत नाही.

दक्षिण इंग्लंडमध्ये साउथ डाउन्स नावाची खडूच्या दगडाची डोंगररांग आहे. तिच्या बऱ्याच उतारांवर जुने रान आहे. निदान १६०० सालापासून सलग टिकलेल्या रानाला इंग्लंडमध्ये ‘प्राचीन वनभूमी’ म्हणतात. अशा रानात शिरले की वाटते, इथे माणसाचा हात कधी लागलाच नसेल. २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने ३०५ चौरस किलोमीटरच्या पट्ट्याचे विमानातून लायडार सर्वेक्षण करून घेतले. यात लेसरचे असंख्य किरण खाली सोडतात. बरेचसे पानांवर आपटून परततात, काही फटींतून थेट जमिनीपर्यंत पोचतात. जमिनीवरून परतलेले तेवढे वेगळे काढले की झाडांशिवायचा उघडा डोंगर दिसतो. त्या डोंगरावर बांध होते, चौकोनी शेते होती, वापरून वापरून खोल गेलेल्या वाटा होत्या. रोमन सैन्य येण्याच्याही आधी तिथे मोठ्या प्रमाणावर शेती होत होती.

विमानाचे काम इथे संपते आणि पायांचे सुरू होते. नकाशावरची खूण रानात जाऊन तपासावी लागते. या प्रकल्पात हे काम स्थानिक स्वयंसेवकांनीही केले. असे मोजमाप शक्यतो हिवाळ्यात करतात, कारण तेव्हा पाने गळालेली असतात आणि झुडपे बसलेली असतात. दाट झाडीत उपग्रहाचे संकेत नीट मिळत नाहीत, म्हणून टेप आणि खुंट्या आजही लागतात. कागदावर उतार दाखवायला माथ्याकडे जाड आणि पायथ्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या रेघा काढतात.

खरी परीक्षा ओळखण्याची असते. उतार कापून केलेली गोल सपाट जागा दिसली की वाटते, हा प्राचीन घराचा ओटा. पण नंतरच्या काळात कोळसा करणाऱ्यांनीही भट्टीसाठी अशाच जागा तयार केल्या. माती काळी निघाली, तिच्यात कोळशाचे तुकडे सापडले, तर उत्तर बदलते. कोणता बांध कोणत्या बांधावरून गेला आहे हे पाहून आधीचे आणि नंतरचे ठरते. आपल्याला आवडेल ते उत्तर निवडायची सोय नसते.

आता सांगा, त्या उताराचा मूळ मालक कोण? कोळसेवाले? रान? शेतकरी? शेतकऱ्यांनीही आधीचे रान तोडूनच शेत केले होते. मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. जागा थरांची असते. एक थर खरा ठरवून बाकीचे खरवडले, तर हातात इतिहास नव्हे, फक्त खड्डा उरतो.

दुसरी गोष्ट नावांची. त्या शेतांवर ना शिलालेख आहे, ना राजाचे नाव. आपल्याकडे किल्ल्यांवर प्रेम आहे आणि ते असावेच. पण पुणे जिल्ह्यात इनामगावला, घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ३००० वर्षांहून जुना पाट आणि बांध सापडला, हे किती जणांना ठाऊक आहे? नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे ३०० दगडी वर्तुळे आहेत, लोहयुगातल्या लोकांची दफने. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि ब्रिटनमधल्या तशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली. ज्यांचे नाव उरले नाही, त्यांचा वारसा सांगायला कोणी पुढे येत नाही. म्हणून तो सर्वात आधी जेसीबीखाली जातो.

उत्खनन एकदाच करता येते. खणलेला थर परत घालता येत नाही. मोजणी मात्र काहीच मोडत नाही. विदर्भातल्या, कोकणातल्या महाविद्यालयांनी उन्हाळ्यात, रान उघडे झाल्यावर, आपल्या तालुक्यातले जुने बांध, वर्तुळे आणि ओटे मोजून नकाशावर आणले, तर खर्च फारसा येणार नाही. रस्ता किंवा खाण येण्याआधी दाखवायला निदान एक कागद हाती असेल. ज्यांनी स्वतःसाठी काही लिहून ठेवले नाही, त्यांच्यासाठी एवढे तरी लिहायला हवे.