बालेवाडीचे विजेते

मंचरच्या एका वाचक गृहस्थांनीं आम्हांस मागल्या महिन्यांत एक प्रश्न घातला आहे. त्यांचा नातू पुण्यास आत्याच्या घरीं राहून शाळा शिकतो आणि सकाळसंध्याकाळ टेनिस खेळतो. त्याला खेळ शिकविणारे म्हणतात, मुलानें आतां सर्व वेळ यांतच घालावा. मुलाची आई म्हणते, आधीं दहावी पार पडूं द्या. आणि घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, ज्या खेळांत विंबल्डनखेरीज दुसरें नांव आपल्या कानीं येत नाहीं, त्यांत पोटापाण्याची सोय ती काय असणार? "बालेवाडीस परदेशचे खेळाडू येतात, त्यांतला एकजण करंडक घेऊन जातो. पुढें त्याचें होतें काय, तेवढें सांगा," असें ते लिहितात. प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचें उत्तर विजेत्यांच्या यादींतच सांपडण्यासारखें आहे.

जुन्नर-आंबेगांवकडील जत्रांतून कुस्त्यांचा फड ज्यांनीं पाहिला आहे त्यांस या स्पर्धेची पायरी समजावून सांगणें कठीण नाहीं. आरंभीं पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, शेवटीं नांवाजलेल्या मल्लांची नेमलेली जोड लागते, आणि या दोहोंच्या मध्यें जे उतरतात ते अंगानें व डावपेंचांनीं तयार असूनही त्यांचें नांव तालुक्याबाहेर गेलेलें नसतें. व्यावसायिक टेनिसमध्यें ही मधली पंगत म्हणजे 'चॅलेंजर' स्पर्धा. १९७८ पासून जगभर त्या भरत आल्या आहेत. येथें रोख बक्षिसापेक्षां गुणांची किंमत अधिक. कारण गुणांवर जागतिक क्रमवारी ठरते आणि क्रमवारीवर मोठ्या स्पर्धांचें दार उघडतें. सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धेंत विजेत्याला १५ किंवा २५ गुण मिळतात, चॅलेंजरमध्यें प्रतवारीप्रमाणें ५० पासून १७५ पर्यंत, आणि विंबल्डनच्या विजेत्याला २,०००. प्रवासाचा आणि शिक्षकाचा खर्च बहुधा खेळाडूच्याच पदरचा असतो, हें वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

नारायणगांव, मंचर, चाकण या वाटेनें पुण्यास उतरणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं बालेवाडीची क्रीडानगरी पाहिली असेल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं ती उभी राहिली. २०१४ सालीं तेथें चॅलेंजर भरूं लागली. पुढें २०१८ पासून २०२३ च्या जानेवारीपर्यंत तिच्याहून वरच्या दर्जाची महाराष्ट्र ओपन स्पर्धाही चेन्नईहून येऊन याच मैदानावर नांदली. ती थोरली गेली. धाकटी मात्र २०१९ नंतरचा खंड सोसून २०२३ सालीं पुन्हा सुरू झाली. २०१४ पासून २०२५ पर्यंतच्या नऊ खेपांत एकेरीचे विजेते झाले आठ.

पहिला जपानचा युइची सुगिता. त्या वेळीं आपल्याकडे त्याचें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें. तीन वर्षांनीं त्यानें तुर्कस्तानांत अंताल्या येथें वरच्या पायरीवरची स्पर्धा जिंकली, आणि त्याच वर्षीं, वयाचीं एकोणतीस वर्षें पुरीं झाल्यावर, तो क्रमवारींत ३६ वा झाला.

दोनदां जिंकला तो दिल्लीचा युकी भांबरी. त्याची हकीकत त्या मंचरच्या गृहस्थांनीं नातवाला जवळ बसवून सांगावी अशी आहे. २००९ सालीं ऑस्ट्रेलियांत त्यानें कुमारांचें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां सर्वांना वाटलें कीं आतां हा मुलगा थेट शिखरावर जाणार. शिखर तर दूरच, पहिल्या शंभरांत शिरावयासच २०१५ साल उजाडलें. त्याच वर्षीं त्यानें बालेवाडी जिंकली. लगेच पुढल्या वर्षीं कोंपर दुखावलें. २०१७ सालीं तो पुन्हा येथें आला आणि अंतिम सामन्यांत रामकुमार रामनाथनला हरवून दुसऱ्यांदां करंडक घेऊन गेला. दोन्ही बाजूंस भारतीय उभे आहेत असें दृश्य या पायरीवर क्वचितच दिसतें. २०१८ च्या एप्रिलांत तो ८३ वा झाला, तों गुडघ्यानें दगा दिला व दोन वर्षांहून अधिक काळ त्याचा खेळ बंद राहिला. अशा वेळीं माणूस खेळ सोडून देतो. यानें एकेरी सोडली आणि दुहेरी धरली. २०२५ सालीं न्यूझीलंडच्या मायकेल व्हीनसच्या जोडीनें तो अमेरिकन अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला.

यादींत ज्याचें नांव नाहीं अशा एकाचाही उल्लेख येथें केला पाहिजे. चेन्नईचा प्रज्ञेश गुणेश्वरन बालेवाडीस दोनदां अंतिम सामना हरला : २०१६ सालीं फ्रान्सच्या सादियो डुम्बियाकडून आणि २०१८ सालीं स्वीडनच्या इलियास ईमरकडून. गुडघ्यांच्या दुखण्यांत त्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें गेलेलीं. तरी २०१९ च्या एप्रिलांत तो क्रमवारींत ७५ वा झाला. त्याला हरविणारा ईमर १०५ च्या वर कधीं सरकला नाहीं, आणि डुम्बियानें पुढें नांव केलें तें दुहेरींत. करंडक कपाटांत कोणाच्या आणि क्रमवारी कोणाची वर, हें असें उलटें पडतें. स्वतः प्रज्ञेश २०२४ सालीं निवृत्त झाला.

२०१९ चा विजेता ऑस्ट्रेलियाचा जेम्स डकवर्थ २०२२ च्या आरंभीं ४६ वा झाला. २०२३ सालीं त्याचाच देशबंधु मॅक्स पर्सेल यानें चेन्नई, बंगळूर व पुणें या तिन्ही स्पर्धा लागोपाठ जिंकल्या आणि त्याच वर्षीं तो चाळिसाव्या स्थानावर गेला. दुहेरींत तर विंबल्डन व अमेरिकन अशीं दोन्ही अजिंक्यपदें त्याच्या नांवावर आहेत. परंतु शिरेवाटे मर्यादेबाहेर द्रव घेतल्याबद्दल २०२५ सालीं त्यास अठरा महिन्यांची बंदी झाली, हेंही सांगितलें पाहिजे. २०२५ चा विजेता चेकोस्लोव्हाकियाच्या विभागणींतून झालेल्या चेक देशाचा दालिबोर स्वर्चिना.

राहिला तो २०२४ चा व्हॅलेंतिन वाशरो. मोनॅको म्हणजे जुन्नर शहराभोंवतीं चक्कर मारावयास लागेल तेवढ्याच वेळांत पालथें घालतां येईल असें एक चिमुकलें राज्य. तेथला हा गृहस्थ. पुण्यास ॲडम वॉल्टनला हरवून तो क्रमवारींत शंभराच्या जवळ गेला आणि मग दुखापतीनें मागें पडला. २०२५ च्या ऑक्टोबरांत तो शांघायच्या मोठ्या स्पर्धेस गेला तेव्हां त्याचा क्रमांक होता २०४. मुख्य स्पर्धेंत जागा नव्हती. पात्रतेच्या सामन्यांतसुद्धां तो आयत्या वेळीं शिरला. तेथून एकेक पायरी चढत उपांत्य फेरींत त्यानें नोव्हाक जोकोविचला हरविलें. अंतिम सामन्यांत समोर उभा कोण, तर त्याचा नात्यांतलाच भाऊ, फ्रान्सचा आर्थर रिंडरनेश! पहिला डाव गमावून वाशरोनें पुढचे दोन्ही जिंकले. या प्रतीच्या स्पर्धेंत इतक्या खालच्या क्रमांकाचा विजेता त्यापूर्वीं झाला नव्हता. त्याचा शिक्षक बेंजामिन बालरे हा त्याचाच सावत्र भाऊ. आमच्या एकत्र कुटुंबांतील मंडळींस ही हकीकत घरचीच वाटेल. भावाभावांच्या वाटणीचे दावे आपण पुष्कळ पाहिले, अशी वाटणी पाहिली नव्हती.

त्यांतली आणखी एक गोष्ट मुलाच्या आईनें वाचावी. हे दोघेही भाऊ अमेरिकेंत टेक्सास ए अँड एम विद्यापीठांत शिकले, आणि तेथेंच विद्यापीठातर्फें खेळले. तेव्हां दहावी आधीं पार पडूं द्यावी या म्हणण्यांत खेळाचें नुकसान आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. सर्व वेळ खेळांत घालावा या सल्ल्याशीं मात्र आम्ही सहमत नाहीं. कोंपर आणि गुडघा यांचा भरंवसा कोणी द्यावा? आणि वडील मंडळींसही आमचें सांगणें आहे : आठ विजेत्यांत एकेरींतली एवढी मोठी मजल एकानेंच मारली, हें खरें, पण बाकीचे कोणी वाया गेले असेंही यादी म्हणत नाहीं.

मंचरचे गृहस्थ पुढल्या खेपेस नातवाला घेऊन बालेवाडीस जाणार आहेत. त्यांनीं अंतिम सामन्याच्या दिवसाची वाट न पाहतां आधींच्या पात्रतेच्या फेऱ्यांस जावें, सकाळीं लौकर. तेथें गर्दी नसते, आणि जो हरतो तो आपली पिशवी आपणच खांद्यावर टाकून कसा बाहेर पडतो, तें मुलाला अगदीं जवळून दिसेल.