ओढीच्या आखाड्यात विजेचा ट्रॅक्टर

विजेवर चालणाऱ्या वाहनांची आपल्याकडील चर्चा बहुधा शहरातील धुराभोवती आणि पेट्रोलच्या भावाभोवती घुटमळते. परंतु या वाहनांच्या बळाविषयी ज्यांच्या मनात खरी शंका आहे ती माणसे शहरात नाहीत, नांगरटीच्या रानात आहेत. ढेकळातून, चिखलातून, चढावरून ट्रॅक्टर जे ओझे ओढतो ते बॅटरीला झेपेल काय, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्यांना व्याख्यानाने उत्तर नको आहे. अमेरिकेच्या व युरोपच्या ग्रामीण भागात असे प्रश्न लोकांदेखत निकालात काढणारा एक आखाडा आयताच उपलब्ध आहे. ट्रॅक्टर-ओढीच्या शर्यती हा तो आखाडा. त्यात विजेचा गडी उतरवावा काय, आणि उतरवला तर तो टिकेल काय, हा विषय वरकरणी पोरखेळाचा वाटेल. वस्तुतः तो तसा नाही.

या खेळाचे मूळ घोड्यांच्या ओढीत आहे. कोणाची जोडी अधिक वजन ओढते, ही शेजाऱ्यांची पैज ट्रॅक्टर आल्यावर ट्रॅक्टरकडे गेली, आणि 1929 साली मिसूरी राज्यातील बोलिंग ग्रीन व ओहायोतील व्हॉन्सव्हिल या दोन ठिकाणी यंत्रांच्या पहिल्या स्पर्धा झाल्या. पुढे गावोगावचे नियम निराळे असल्याने भांडणे माजली. तेव्हा 1969 साली आठ राज्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्या दशकानंतर हा खेळ हॉलंडमार्गे युरोपात पसरला. ट्रॅक्टरच्या मागे स्लेज म्हणजे एक अवजड घसरगाडी जोडलेली असते. तिच्यावरील वजनाची पेटी आरंभी मागच्या चाकांवर असते आणि गाडी पुढे सरकेल तशी तीही पुढे सरकते. त्यामुळे जमिनीशी होणारे घर्षण पावलागणिक वाढत जाते आणि अखेरीस ट्रॅक्टर जागीच रुतून बसतो. जो शंभर मीटरच्या आसपासची पूर्ण धाव काढतो तो जिंकतो. दोघांनी काढली तर वजन वाढवून पुन्हा जुंपतात. ही यंत्रे येण्यापूर्वी वाटेत ठरावीक अंतरावर उभी असलेली माणसे एकेक करून स्लेजवर चढत असत. तो देखावा अधिक मनोरंजक असला पाहिजे. मात्र माणसांच्या तंगड्यांचा विचार करता तो बंद झाला हे ठीकच झाले.

आता या खेळातील परंपरावाद्यांचा आक्षेप पाहू. ज्याला इंजिन नाही, धूर नाही, गर्जना नाही, त्याला ट्रॅक्टर म्हणावे कसे, असे ते विचारतात. हा आक्षेप ज्या तोंडून निघतो त्या तोंडाला तो शोभत नाही. 1970 च्या दशकाच्या आरंभी ओहायोतील दोघा भावांनी अनेक इंजिने एकाच दांड्याला जोडणारी गिअरपेटी तयार केली आणि त्यानंतर वरच्या गटातील ट्रॅक्टरचा शेतीशी असलेला संबंध जवळजवळ संपला. तेथे दुसऱ्या महायुद्धातील विमानांची ॲलिसन इंजिने आली, हेलिकॉप्टरची टर्बाइने आली, डिझेलच्या जागी मद्यार्क आला. अशा यंत्राने उभ्या जन्मात एक सरी काढलेली नसते. विमानाचे इंजिन चालते, पण विजेची मोटर मात्र चालत नाही, हा न्याय ज्यांना उमगतो त्यांनी तो इतरांना समजावून द्यावा.

वीज ओझे ओढू शकते काय, हा प्रश्न तर महाराष्ट्राने केव्हाच सोडविला आहे. मिसूरीत पहिली स्पर्धा झाली त्याच सुमारास, 1929-30 मध्ये, बोरघाटाच्या सदतिसास एक अशा चढावर विजेची इंजिने गाड्या ओढू लागली होती. लोकांनी त्यांना ‘खेकडा’ हे समर्पक नाव दिले. तथापि खेकड्याची शक्ती डोक्यावरच्या तारेतून येत होती. त्याला आपली शिदोरी पाठीवर वाहावी लागत नव्हती. शिदोरीसह शेतात उतरण्याचा मोठा प्रयोग 1959 साली विस्कॉन्सिनच्या ॲलिस-चाल्मर्स कंपनीने केला. 1,008 इंधनघटांचा तो ट्रॅक्टर पंधरा किलोवॅट, म्हणजे सुमारे वीस अश्वशक्ती देत असे. त्याने नांगर ओढून दाखविला आणि तो संग्रहालयात गेला.

अडचण शिदोरीची आहे. परंतु शेतातील शिदोरी आणि आखाड्यातील शिदोरी या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पाच हजार अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्या. ही शक्ती सुमारे 3,730 किलोवॅट होते. धाव दहा सेकंदांची धरली, तर खर्च होणारी ऊर्जा दहा युनिटांच्या किंचित वर जाते. आपल्या घराच्या विजेच्या बिलावर जे युनिट छापलेले असते तेच हे युनिट. एवढ्या गर्जनेचा आणि थरकापाचा हिशेब दहा युनिटांत मिटतो! याउलट शंभर अश्वशक्तीच्या साध्या ट्रॅक्टरने आठ तास पूर्ण जोराने नांगरट केली तर सहाशे युनिटे लागतील. आजच्या लिथियम बॅटऱ्यांचा किलोमागे दीडशे ते अडीचशे वॅट-तासांचा हिशेब धरला, तर ती अडीच ते चार टनांची होईल. म्हणजे आखाड्यात प्रश्न ऊर्जेच्या साठ्याचा नाही, ती किती झपाट्याने बाहेर काढता येते याचा आहे.

हा झपाटा शक्य आहे. 2014 च्या नियमांनुसार फॉर्म्युला वन मोटारींतील ऊर्जासाठा वीस ते पंचवीस किलोंचा असे. तो 120 किलोवॅटची मोटर चालवी आणि एका फेरीत चार मेगाज्यूल, म्हणजे 1.1 युनिट देई. असे एकतीस साठे एकत्र केले तर वजन पाऊण टनाच्या थोडे वर जाते, शक्ती 3,720 किलोवॅट मिळते आणि चौतीस युनिटे हाताशी राहतात, म्हणजे गरजेच्या तिपटीहून अधिक. युरोपात साडेचार टनांचा गट आहे; त्यात हे सहज बसते. शिवाय या खेळात वजन हा शत्रू नव्हे. गटाची मर्यादा गाठण्यासाठी आणि पुढची चाके जमिनीवर टेकवून ठेवण्यासाठी स्पर्धक ट्रॅक्टरच्या नाकाशी लोखंडाच्या लाद्या टांगतात. त्या जागी बॅटरी टांगली तर कोणाचे काय बिघडणार? बिघडेल ते फक्त खिशाचे. शर्यतीच्या मोटारींसाठी घडविलेले साठे शेतकऱ्याच्या पोराला परवडणारे नाहीत, आणि ते परवडेपर्यंत वरच्या गटांत मद्यार्काचेच राज्य राहणार.

विजेच्या कैवाऱ्यांनीही एका गोष्टीवर फार विसंबू नये. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क देते, हा त्यांचा आवडता मुद्दा. पण स्लेज सर्वांत हलकी असते ती आरंभीच! त्या वेळी टॉर्क अधिक झाला तर चाके जागीच माती उकरतात. खरी कसोटी शेवटच्या वीस-तीस मीटरमध्ये, चाके वेगात असताना लागते, आणि तेथे मोठी अश्वशक्ती टिकवून धरावी लागते. म्हणून विजेच्या ट्रॅक्टरला आजच खरी संधी आहे ती सावकाश चालणाऱ्या साध्या शेती-ट्रॅक्टरांच्या गटात, आणि बागेतील छोट्या ट्रॅक्टरांच्या गटात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1969 पासून काही वर्षे शिशाच्या बॅटरीवर चालणारे असे छोटे ट्रॅक्टर विकलेही होते.

आम्हांस खरी काळजी वाटते ती निराळीच. हा खेळ म्हणजे खेड्यातील यंत्रज्ञांची शाळा आहे. इंजिन उघडायचे, पंप बदलायचा, फुटलेला पिस्टन घेऊन घरी जायचे आणि हिवाळाभर त्यावर विचार करायचा, यातून तेथील दोन-तीन पिढ्या शिकल्या. विजेच्या वाहनात चाक किती निसटते आहे हे नियंत्रक यंत्रणा क्षणार्धात ओळखून टॉर्क कमी-अधिक करू शकते. तो आज्ञासंच जर कंपनीच्या कुलपात बंद असेल, तर जिंकणारा कोण म्हणायचा? चालकाच्या आसनावरील माणूस, की दूरच्या कचेरीत बसून तो संच लिहिणारा? शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती करू द्यावी यासाठी कोलोरॅडो राज्याला 2023 साली कायदा करावा लागला, यावरून हे कुलूप किती पक्के बसले होते याची कल्पना येते.

म्हणून संघटनांनी विजेच्या ट्रॅक्टरांना मोकळ्या मनाने त्याच गटात, त्याच वजनाला, त्याच स्लेजमागे घ्यावे. प्रदर्शनीय वस्तू म्हणून वेगळ्या रांगेत उभे करून टाळ्या वाजविणे हा सन्मान नव्हे. मात्र आज्ञासंच सर्व स्पर्धकांना वाचता व बदलता आला पाहिजे, ही अट पहिल्याच दिवशी घालावी. सुरक्षिततेचे नियमही नव्याने लिहावे लागतील. ट्रॅक्टर स्लेजपासून सुटला तर दोरीच्या झटक्याने इंजिन बंद पडावे, अशी सोय आज असतेच. तिच्या जागी बॅटरीचा प्रवाह तोडणारी सोय करावी लागेल, आणि पेटलेली लिथियम बॅटरी विझविण्याचे ज्ञान मैदानावरील अग्निशामकांना द्यावे लागेल. ही कामे कंटाळवाणी आहेत. परंतु नियमांवाचून हा खेळ कसा होतो ते पंजाबने पाहिले आहे. 2023 मध्ये ट्रॅक्टरच्या कसरतीत एका तरुणाचा बळी गेला, आणि तेथील सरकारला अशा कसरतींवर बंदी घालावी लागली.

भारतातही 2020 साली सोनालिका कंपनीने विजेचा छोटा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याची बॅटरी साडेपंचवीस युनिटांची. आखाड्यातील पाच हजार अश्वशक्तीच्या दोन धावांना पुरून उरेल एवढी ऊर्जा तिच्यात आहे. एकरभर भारी काळी जमीन नांगरताना मात्र तिला घाम फुटेल. मैदानावर विजेचा गडी उतरला तर दोन धावांच्या मध्ये दहा युनिटे भरण्यासाठी तासभर दहा किलोवॅटचा पुरवठा लागेल. जत्रेच्या माळावर तो बहुधा डिझेलच्या जनरेटरवरूनच घ्यावा लागेल, आणि परंपरावादी मंडळी त्या जनरेटरभोवती जमून हसतील. त्यांना खुशाल हसू द्यावे. स्लेज जोडावी आणि हिरवे निशाण दाखवावे.