‘मेड इन यूएसए’च्या गावातले ‘मेड इन इंडिया’

सायंकाळी मुंबईहून सुटलेली बदलापूर लोकल कल्याणला बरीच रिकामी होते. डब्यातील भजन आटोपून टाळ पिशवीत जातात आणि खिडकीशी जागा मिळालेला चाळिशी ओलांडलेला नोकरदार भ्रमणध्वनी बाहेर काढतो. त्याच्या पडद्यावर कालच्या शुक्रवारी झळकलेल्या चित्रपटातले गाणे नसते. अलिशा चिनॉय, लकी अली, कलोनियल कझिन्स, शुभा मुद्गल यांच्या, १९९५ ते २००० या काळातील चार-पाच मिनिटांच्या संगीतचित्रफिती तो पुनःपुन्हा पाहत असतो. संगीत कोणाचे, चित्रण कोणाचे, कॅसेट कोणत्या कंपनीची, हे सारे त्याला मुखोद्गत असते. घरी मुले त्याला हसतात. आणि वडीलधारी मंडळी, विशेषतः राष्ट्रीय विचारांच्या घरांतील, आजही कपाळाला आठ्या घालतात. ‘त्या पॉप गाण्यांनीच तर पिढी बिघडवली!’

हा आरोप एकदा नीट तपासून पाहावयास हवा. तीस वर्षे उलटल्यावर तरी तो निव्वळ सवयीने उच्चारला जाऊ नये.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही भारतात आली. १९९४ मध्ये तिच्या जागी चॅनल व्ही आली आणि १९९६ मध्ये एमटीव्ही स्वतंत्रपणे परतली. त्या काळी सांस्कृतिक आक्रमणाचा जो इशारा दिला गेला, तो निराधार नव्हता. अर्थव्यवस्थेची दारे नुकतीच उघडली होती, आणि गाण्यांच्या जोडीने वेष, पेये, भाषा व हावभाव असा सगळा बाजारच दिवाणखान्यात उतरत होता. केबलची तार खिडकीतून आत आली, तेव्हा घरातील कोणालाही विचारून आली नव्हती. परंतु पुढे जे घडले, त्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. भारतीय घर केवळ इंग्रजी गाण्यांवर भाळत नाही, हे या वाहिन्यांना लवकरच उमगले. हिंदी व पंजाबी गाण्यांना, देशी विनोदाला आणि देशी चेहऱ्यांना त्यांना शरण जावे लागले. आक्रमण करण्यास आलेल्यालाच येथील पोशाख चढवावा लागला. शक-हूणांच्या इतिहासातून हा धडा वर्षानुवर्षे शिकविणाऱ्यांच्या नजरेतून, डोळ्यांसमोर घडणारे तेच उदाहरण निसटावे, याला काय म्हणावे?

या कथेला उल्हासनगरात एक वेगळीच चव येते. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी हिंदूंना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. आजही तेथील पत्ता ‘कॅम्प’च्या क्रमांकाने सांगितला जातो. सरकारी दयेवर फार काळ न विसंबता या समाजाने अक्षरशः शून्यातून उद्योग उभे केले. येथे बनणाऱ्या वस्तूंवर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असे आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, हा विनोद साऱ्या महाराष्ट्राने चवीने चघळला. तो विनोद वरवर उल्हासनगरवर होता. खरे पाहता तो परदेशी शिक्क्याशिवाय वस्तूला हात न लावणाऱ्या गिऱ्हाइकावर होता. माल येथला, हात येथले, कसब येथले. लाज वाटत होती ती केवळ नावाची.

अशा काळात, १९९५ साली, ‘मेड इन इंडिया’ हे गाणे आले. बिद्दू यांचे संगीत, अलिशा चिनॉय यांचा आवाज आणि केन घोष यांचे चित्रण. देशोदेशीच्या इच्छुकांना नाकारणारी नायिका अखेर एका भारतीय तरुणाला वरते, एवढेच कथानक. तो तरुण म्हणजे मिलिंद सोमण. जलतरणपटू असलेल्या या मराठी कलावंताने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात, आपण लहानपणी शिवाजी पार्कवरील शाखेत जात असल्याचे नोंदविले आणि माध्यमांत काही दिवस गदारोळ उडाला. आत्मकथनाचे नावही ‘मेड इन इंडिया’च. त्या चित्रफितीला कोणी थोर राष्ट्रकार्य म्हणणार नाही. ते बाजाराचेच अपत्य होते. तथापि, ‘भारतीय’ हा शब्द तरुणांच्या ओठी दिमाखाने यावा, हे बाजारालाही फायद्याचे वाटू लागले होते. ही घटना लहान नव्हे.

पुढच्याच वर्षी हरिहरन आणि लेस्ली लुईस यांनी व्यासतीर्थांच्या कन्नड कृष्णपदाला गिटारची साथ दिली. पंधराव्या-सोळाव्या शतकातील एका माध्व संताची रचना अशा रीतीने जीन्स घातलेल्या मुलांच्या वॉकमनमध्ये पोहोचली. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ए. आर. रहमान यांचा ‘वंदे मातरम्’ हा संग्रह आला. भारत बाला यांच्या चित्रफितींत वाळवंटापासून समुद्रापर्यंतची भारतभूमी आणि तिच्यावर फडकणारा तिरंगा दिसला. बंकिमचंद्रांच्या गीताच्या सार्धशतीचा सोहळा २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, तेव्हा चाळिशीतल्या कित्येकांना ‘वंदे मातरम्’ हे दोन शब्द प्रथम रोमांचित करून गेले ते शाळेतील परिपाठात नव्हे, तर त्या चित्रफितीसमोर, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. १९९८ साली ‘ब्रेथलेस’ने घराघरांत पोहोचलेले शंकर महादेवन २०२३ च्या विजयादशमीला नागपुरात संघाच्या उत्सवाचे प्रमुख पाहुणे होते. १९९८ मध्ये असे भाकीत कोणी केले असते, तर दोन्हीकडच्या मंडळींनी ते हसण्यावारी नेले असते.

मग आक्षेपार्ह काहीच नव्हते काय? होते, आणि येथेच तारतम्याचा प्रश्न येतो. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील या मंदिराच्या बाह्यभिंतींवर देवतांच्या जोडीने सुरसुंदरींनाही स्थान आहे. ज्या परंपरेने देवालयाच्या भिंतीवर सौंदर्याला जागा दिली, ती नृत्याला किंवा देहाला भिणारी खचितच नव्हे. त्याच शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली आणि औचित्य हे काव्याचे जीवित असल्याचे प्रतिपादन केले. आक्षेप घ्यायचा तो औचित्यभंगाला, तालाला किंवा वाद्याला नव्हे. ‘अब के सावन’ला पावसात नाचणारी माणसे आहेत, आणि २००२ नंतर उसळलेल्या रिमिक्सच्या लाटेतही नाचणारी माणसे आहेत. पहिल्यात एका शास्त्रीय गायिकेचा खणखणीत आवाज नव्या पिढीसमोर उभा राहतो. दुसऱ्यात लतादीदींनी ‘समाधी’ (१९७२) चित्रपटासाठी गायलेले गाणे उचलून त्यावर उत्तानतेचा मुलामा चढविला जातो. लतादीदींनी या लाटेविरुद्ध स्पष्ट नाराजी व्यक्त केली होती.

त्या लाटेमागे विकृत अभिरुची होती, तशी कायद्यातील पळवाटही होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे झाली की ठरावीक मानधन भरून त्याच गाण्याची नवी आवृत्ती काढण्याची मुभा १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याने दिली होती. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली आणि मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास आळा घातला. तोवर पिढीचे कान बिघडून झाले होते. तेव्हा आंदोलनाची सारी शक्ती फलकांना काळे फासण्यात खर्ची पडण्याऐवजी या एका कलमाकडे दहा वर्षे आधी वळली असती तर! असो.

याहून अधिक जिव्हारी लागणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. दलेर मेहंदी यांनी १९९५ मध्ये अस्सल पंजाबीत गाऊन साऱ्या देशाला नाचविले. शब्द न समजणारी वऱ्हाडेही त्यावर नाचली. पंजाबी माणसाला आपल्या भाषेचा संकोच नव्हता, म्हणून बाजाराला ती भाषा स्वीकारावी लागली. फाळणीचा घाव पंजाब्यांनी सोसला, तसाच सिंध्यांनीही. परंतु पंजाब्यांजवळ निम्मी भूमी तरी उरली. सिंध्यांजवळ राष्ट्रगीतातील एक शब्द, झुलेलालांची गाणी आणि १९६७ साली आठव्या अनुसूचीत समाविष्ट झालेली भाषा, एवढेच उरले. उल्हासनगरच्या ज्या घरांत आजी चेटीचंडला सिंधीत गात असे, त्याच घरातील नातवंडे दूरचित्रवाणीवर हिंदी-पंजाबी पॉप पाहत वाढली. सिंधीतील लाडे आणि कलाम पडद्यावर त्याच थाटात आले असते, तर ती मुले आज घरात हिंदी बोलली असती काय?

मराठी माणसाने यावर हळहळ व्यक्त करून गप्प बसावे, अशी त्याचीही स्थिती नाही. २००२ च्या सुमारास अवधूत गुप्ते यांचे संगीत आणि वैशाली सामंत यांचा आवाज लाभलेले ‘ऐका दाजीबा’ हिंदी प्रेक्षकांपर्यंत पोहोचले आणि मराठी गाणेही सर्वदूर वाजू शकते, हे सिद्ध झाले. एवढ्या एका यशानंतर तो रस्ता हमरस्ता व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. मराठी घरांनी अभिमानाने टाळ्या वाजविल्या; कॅसेटचे पैसे मात्र हिंदीसाठीच राखून ठेवले.

म्हणूनच लोकलमधल्या त्या रसिकाला पोरकट ठरविणे अन्यायाचे आहे. त्याच्या संग्रहात एका स्थित्यंतराचा पुरावा आहे. चॅनल व्ही बंद झाली आणि ब्रिटनमध्ये एमटीव्हीच्या जुनी गाणी दाखविणाऱ्या वाहिन्याही २०२५ च्या अखेरीस मिटल्या. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. या चित्रफिती मात्र बहुतांशी अशा वेड्या रसिकांनी दूरचित्रवाणीवरून मुद्रित केलेल्या व्हीएचएस कॅसेटींमुळे टिकल्या. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीने बदलापूरपासून कल्याणपर्यंतची घरे बुडविली, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर अशा किती कॅसेटी चिखलात गेल्या असतील, याची मोजदाद कोणी केली नाही.

ज्या घरांत त्या अद्याप माळ्यावर आहेत, तेथे आणखी काहीही सापडू शकते: एखाद्या मुंजीचे चित्रण, वस्तीतल्या गणेशोत्सवाचे समूहगान, चेटीचंडच्या मिरवणुकीत गाणारी आजी. उल्हास खोऱ्याच्या दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी लवकर धरते आणि ती वाजविणारी यंत्रेही आता मोडीत निघाली आहेत. शाखेतील, मंडळातील किंवा सोसायटीतील संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुणाने चार रविवार दिले, तर पुढच्या पावसाळ्याच्या आत एका गल्लीतील कॅसेटी सहज उतरवून होतील. ‘मेड इन इंडिया’ही त्यांत असेल, ते पुसून टाकण्याचे कारण नाही.