यंत्राची जमा, नाडीचा खर्च

व्यवहार लहान असो वा मोठा, त्याच्या नोंदीला दोन बाजू असतात. ज्या वहीत केवळ जमा लिहिली जाते आणि खर्चाचा रकाना कोरा राहतो, ती वही कितीही टापटीप असली तरी व्यापाऱ्याची खरी स्थिती सांगू शकत नाही. व्यायामाच्या क्षेत्रात आज अशाच एकांगी नोंदी ठेवल्या जात आहेत. रोइंग मशीन, म्हणजे जागच्या जागी वल्हवण्याचे यंत्र, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

हे यंत्र मुळात नौकानयनपटूंसाठी तयार झाले. अमेरिकेतील ड्रायसिगॅकर बंधूंच्या ‘कन्सेप्ट टू’ या कंपनीने १९८१ साली आपले पहिले रोइंग मशीन बाजारात आणले. आज खेळाडूंची निवड करताना याच यंत्रावरील दोन हजार मीटरची चाचणी जगभर प्रमाण मानली जाते. पाण्याशी पिढीजात संबंध नसलेल्यांनाही हा खेळ परका नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या टंचाईग्रस्त गावचे दत्तू भोकनळ सैन्यात दाखल झाल्यावर नौकानयन शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्स संघातून सुवर्णपदक मिळविले.

रायपूरनजीकच्या बीरगांवातही नौका वल्हविण्याजोगे पाणी दाराशी नाही. उरला औद्योगिक क्षेत्राला लागून वसलेल्या या नगरात दिवस कारखान्यांच्या पाळ्यांवर चालतो. लेखा विभागात वा नियंत्रण कक्षात आठ-आठ तास बसून काम करणाऱ्या चाळिशीतील गृहस्थाला पाय, पाठ आणि हात यांना एकाच वेळी काम देणारे हे यंत्र खरोखरच उपकारक आहे. प्रश्न यंत्राचा नाही. त्याच्या पडद्यावरील आकडे कसे वाचावेत, याचा आहे.

यंत्राचा संगणक प्रामुख्याने तीन गोष्टी सांगतो: पाचशे मीटरला लागणारा वेळ, मिनिटातील स्ट्रोकची संख्या आणि वॅटमधील शक्ती. यांतील वेळ आणि शक्तीचे नाते सरळ नाही. पाचशे मीटरला अडीच मिनिटे हा वेग राखण्यास सुमारे १०४ वॅट लागतात. तोच वेळ दोन मिनिटांवर आणायचा तर सुमारे २०३ वॅट. म्हणजे तीस सेकंदांच्या बचतीसाठी शक्ती जवळजवळ दुप्पट मोजावी लागते. शेजाऱ्याच्या वेगाशी पहिल्याच आठवड्यात बरोबरी करू पाहणाऱ्याने हे गणित अवश्य ध्यानात घ्यावे.

दोन गैरसमजही येथे दूर व्हावयास हवेत. चाकाशेजारची एक ते दहा आकड्यांची खूण ही कष्टाची पातळी नव्हे. ती केवळ चाकात किती हवा शिरेल हे ठरविते; कष्ट ठरतात ते ओढण्याच्या जोरावर. दुसरा गैरसमज कॅलरींचा. कन्सेप्ट टूच्या पडद्यावरील कॅलरी सुमारे ७९ किलो वजनाच्या व्यक्तीस गृहीत धरून काढलेल्या असतात. पंचावन्न किलो वजनाच्या गृहिणीने त्या आकड्याच्या भरवशावर जेवणात सवलत घेतली, तर तो हिशेब चुकणारच.

ही झाली जमेची बाजू. त्यासाठी हृदयाने काय मोजले, हे यंत्र स्वतःहून जाणू शकत नाही. ते सांगते नाडीमापक. फिनलंडच्या ‘पोलर’ कंपनीने बिनतारी नाडीमापक १९८० च्या दशकाच्या प्रारंभी खेळाडूंच्या हाती दिला. छातीला बांधावयाचा पट्टा हृदयाचे विद्युतस्पंदन टिपतो, तर मनगटावरील घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने रक्तप्रवाहाचा अंदाज घेते. वल्हविताना मूठ घट्ट असते आणि मनगट सतत हलते, त्यामुळे येथे घड्याळापेक्षा पट्टा अधिक विश्वसनीय ठरतो. तो बांधण्यापूर्वी त्याची आतील बाजू किंचित ओली करावी, एवढेच पथ्य.

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की खरा ताळेबंद दिसू लागतो. वीस मिनिटे त्याच वेगाने वल्हविताना महिन्यापूर्वी नाडीचे ठोके सरासरी १४० पडत होते आणि आज १३० पडत असतील, तर तो शरीराचा निव्वळ नफा होय. उलट वेग तोच आणि ठोके दहाने वाढलेले असतील, तर कारण शोधले पाहिजे. रात्रपाळीनंतरची अपुरी झोप, अंगातील कणकण, पाण्याची कमतरता, यांपैकी काहीही असू शकते. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात शरीर थंड राखण्यासाठीही हृदयाला जादा काम पडते. म्हणून मे महिन्यातील आकड्याची तुलना जानेवारीशी करू नये आणि उन्हाळ्यात वेगाचा हट्ट धरू नये.

कमाल ठोक्यांचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्वत्र सांगितले जाते. पंचेचाळीस वर्षांच्या व्यक्तीसाठी ते १७५ येते आणि त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे साधारण ८८ ते १२३ ठोके, ही मध्यम व्यायामाची मर्यादा मानली जाते. परंतु हे सूत्र सरासरीचे आहे; एकाच वयाच्या दोन निरोगी व्यक्तींमध्ये दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील औषध घेणाऱ्यांचे ठोके औषधानेच रोखलेले असतात, त्यामुळे त्यांना हे सूत्र लागूच पडत नाही. अशांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. छातीत दुखू लागल्यास वा चक्कर आल्यास पडद्यावर कोणताही आकडा असो, थांबावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

पूर्वी कोणी ठोके मोजत होते काय, असा आक्षेप घेतला जातो. तालमीत जोर-बैठकांची मोजदाद होत होतीच. मात्र मोजणाऱ्या पोरावर वस्तादाची नजर असे. कोणाचा दम फुलला आणि कोणाला थांबवायचे, हे वस्ताद चेहऱ्यावरून ओळखीत. आजच्या यंत्राने मोजदाद घेतली, पण वस्ताद मागे राहिला. नाडीमापक वस्तादाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. निदान त्याची आठवण तरी देतो.

म्हणूनच कर्मचाऱ्यांसाठी व्यायामशाळा उघडणाऱ्या कारखान्यांनी, गृहनिर्माण संस्थांनी आणि मंडळांनी रोइंग मशीनच्या खरेदीबरोबर छातीपट्ट्याचीही तरतूद करावी आणि तो वापरावयास शिकविणारा जाणकार नेमावा. यंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च अल्प आहे. व्यायाम करणाऱ्यानेही एक साधी वही ठेवावी आणि तीत तारीख, वेळ, सरासरी वेग व सरासरी ठोके असे चार रकाने आखावेत. दर महिन्याच्या अखेरीस खातेउतारा तपासणाऱ्या ग्राहकास ही सवय अवघड जाऊ नये.